कापडाचा समुद्र आणि कणकेच्या बाहुल्या

भयकथेचे चित्रपटात रूपांतर करू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती दाखवण्याची. 'समोर जे उभे होते त्याचे वर्णन करणे शक्य नाही' असे लिहून लेखक मोकळा होऊ शकतो; नव्हे, त्या एका वाक्यावर संपूर्ण कथेचा डोलारा उभा करू शकतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याला काहीतरी दाखवावेच लागते, आणि दाखवले की ते मापात येते, मापात आले की भय ओसरू लागते. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटाने यावर शोधलेला उपाय म्हणजे अधिकाधिक हुबेहूब दाखवणे. त्याच्या उलट टोकाला एक लहानसा, बव्हंशी हौशी मंडळींचा प्रवाह आहे. जुनी भयकथा घ्यावी, ती ज्या काळात लिहिली गेली त्या काळच्या चित्रपटाची धाटणी घ्यावी, आणि हाताशी असलेल्या पुठ्ठा, कापड, लाकूड यांतून तिचे जग उभे करावे, असा त्याचा रिवाज. या प्रवाहाचा आणि मराठी भयकथेचा संबंध काय, आणि आपल्याकडे तो कोणत्या रूपात अवतरला, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. हा शोध अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील सोनईसारख्या गावातून घेतला तर त्याला एक वेगळी धार येते. ती कशी, हे पुढे स्पष्ट होईल.

या प्रवाहातील सर्वांत बोलका नमुना म्हणजे २००५ साली अमेरिकेतील 'एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटी' या मंडळाने काढलेला 'द कॉल ऑफ क्थुल्हू'. दिग्दर्शन अँड्र्यू लीमन यांचे, पटकथा शॉन ब्रॅनी यांची. लव्हक्राफ्टने ही कथा १९२६ साली लिहिली आणि १९२८ साली ती 'वीअर्ड टेल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भूमितीचे नियम न पाळणारे समुद्रतळाचे नगर आणि डोंगराएवढे अस्तित्व तिच्यात असल्यामुळे ती पडद्यावर आणणे अशक्य, असे दीर्घकाळ मानले जाई. या मंडळींनी युक्ती केली ती साधी. कथा लिहिली गेली त्याच सुमारास जर कोणी तिच्यावर चित्रपट काढला असता तर तो कसा दिसला असता, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर म्हणजे सत्तेचाळीस मिनिटांचा कृष्णधवल मूकपट. संवादांच्या जागी पाट्या, अभिनयात त्या काळची किंचित वाढीव हालचाल, समुद्राच्या जागी हलणारे चकचकीत कापड, आणि राक्षसाच्या जागी एकेक चित्रचौकट टिपून हलवलेली लहानशी प्रतिकृती. चित्रण मात्र आजच्या डिजिटल कॅमेऱ्याने. त्या नगराच्या वाकड्यातिकड्या भिंती पाहताना १९२०च्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कालिगारी' या जर्मन मूकपटातील रंगवलेल्या सावल्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

हे केवळ जुन्याचे वेड, असे म्हणून हा प्रयोग बाजूला सारता येईल काय? मला तसे वाटत नाही. लव्हक्राफ्टची मूळ कथा घटनांनी पुढे सरकत नाही, ती कागदपत्रांनी सरकते. मृत काकाआजोबांची टिपणे, एका पोलीस अधिकाऱ्याची हकीकत, एका खलाशाची दैनंदिनी, असे थर उलगडत निवेदक सत्याजवळ जातो. म्हणजे वाचकाच्या हाती येते ते नेहमीच कोणाचे तरी जुने, अपुरे कथन. चित्रपटाला जेव्हा 'सापडलेल्या जुन्या मूकपटा'चे रूप मिळते तेव्हा तोही त्या कागदपत्रांच्या थप्पीतला आणखी एक कागद होतो. रूपांतर ही समीक्षेचीच एक रीत आहे असे आपण वर्गात शिकवतो, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. याच मंडळाने २०११ साली 'द व्हिस्परर इन डार्कनेस' हा चित्रपट १९३०च्या दशकातील बोलपटाच्या धाटणीत केला. तो अधिक सफाईदार आहे. पण पात्रे बोलू लागली, कथेच्या शेवटापुढे आणखी धावपळ जोडली गेली, आणि मूकपटात होती ती दस्तऐवजी शांतता पातळ झाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कापडाचा समुद्र कापडाचा आहे हे प्रेक्षकाला दिसते. चित्रपट ते लपवत नाही. भय वाटते ते फसवले गेल्यामुळे नव्हे. आपण फसायला राजी झालो म्हणून. लव्हक्राफ्ट स्वतः कडवा जडवादी होता. भुताखेतांवर, अतींद्रियावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. स्वतःच्या देवतांवर विश्वास न ठेवणाऱ्या लेखकाला आपले बनावटपण न लपवणारी चित्रशैली मिळावी, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

अर्थात जुनी धाटणी निरपराध नसते. लव्हक्राफ्टच्या या कथेतील पंथाचे अनुयायी मिश्रवंशीय, काळे, परके असे रंगवले आहेत, आणि त्यामागचा त्याचा वंशद्वेष आज कोणी नाकारत नाही. जुन्या काळाचे रूप घ्यायचे तर त्या काळाचे पूर्वग्रह कोठे ठेवायचे, हा प्रश्न अशा प्रत्येक चित्रपटाला सोडवावा लागतो. तो आपल्याकडेही चुकत नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठी माणसाने 'जुन्या भयपटाची धाटणी' उचलायची म्हटले तर उचलायची कोठून? भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. पूर्ण स्वरूपात टिकले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नायट्रेटच्या फिती जळाल्या, विरघळल्या, भंगारात गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, तोवर बरेचसे होऊन गेले होते. पुढे जानेवारी २००३मध्ये तेथील नायट्रेट फितींच्या कोठारालाही आग लागली. जर्मन किंवा अमेरिकन दिग्दर्शकाला शंभर वर्षांपूर्वीच्या सावल्या पाहून नक्कल करता येते. आपल्या स्मृतीत तो थर जवळजवळ रिकामा आहे.

जवळजवळ म्हणायचे ते 'अमृतमंथन'मुळे. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतरचा हा पहिला चित्रपट, १९३४ सालचा. ना. ह. आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला. शांताराम त्याआधी 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आले होते, आणि तेथील प्रकाशयोजनेचा संस्कार या चित्रपटातील चंडिकेच्या मंदिरावर स्पष्ट दिसतो. खोल काळोख, मशालींचा उजेड, आणि पडदा व्यापून टाकणारा राजगुरूचा एक डोळा. मराठीत ही भूमिका केशवराव दात्यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. हा भयपट नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण ध्यानात घेण्याजोगे हे की मराठी चित्रपटाने भयाची चित्रभाषा प्रथम इतक्या ताकदीने वापरली ती बळी देण्याची प्रथा बंद करू पाहणाऱ्या राजाची आणि त्याविरुद्ध कट करणाऱ्या पुरोहिताची गोष्ट सांगण्यासाठी. भय निर्माण करणारा येथे भूत नाही, भयावर सत्ता चालवणारा माणूस आहे. हा धागा आपल्याला पुढे लागणार आहे.

चित्रपटाची स्मृती तुटपुंजी असली तरी 'दाखवून भिववण्या'ची स्मृती मात्र आपल्याकडे श्रीमंत आहे. कोकणातील दशावतारातला संकासुर घ्या, किंवा याच जिल्ह्याच्या अकोले परिसरात आणि नाशिक-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात होणारा बोहाडा घ्या. मुखवट्याआड गावातलाच माणूस आहे हे लहान पोरालाही ठाऊक असते. तरी मशालीच्या उजेडात तो मुखवटा नाचत समोर आला की पोर आईच्या पदराआड जाते. माहीत असणे आणि भिणे या दोन गोष्टी तेथे एकमेकींना मारक होत नाहीत. जत्रांमधून फिरणारे तंबूतले सिनेमेही याच परंपरेचे वारस. मातीवर बसलेला प्रेक्षक, मागे खडखडणारे यंत्र, धुळीतून जाणारा प्रकाशाचा झोत, मध्येच तुटणारी फीत. येथे चित्रपट ही 'बनवलेली वस्तू' आहे याचा विसर पडणे शक्यच नव्हते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ सालच्या अनुबोधपटाने महाराष्ट्रातील या फिरत्या तंबूंचे अखेरचे दिवस नोंदवून ठेवले आहेत. रामसे बंधूंचे, १९७२च्या 'दो गज जमीन के नीचे'पासूनचे स्वस्तातले भयपट महानगरांतील समीक्षकांनी हसण्यावारी नेले, पण लहान गावांतील प्रेक्षकाने ते उचलून धरले. रबरी मुखवटा त्यालाही दिसत होता. संकासुर पाहिलेल्या डोळ्यांना त्याचे अप्रूप नव्हते आणि अडचणही नव्हती.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर मराठी भयकथेचे दोन ठळक मार्ग दिसतात. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) आपल्या कथांना 'गूढकथा' म्हटले आणि भयाचे मूळ मनाच्या कोपऱ्यात शोधले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भय बाहेरून आणले. ओळखीच्या घरात, ओळखीच्या मध्यमवर्गीय माणसांत, कोठल्या तरी प्राचीन आणि अमानवी शक्तीचा शिरकाव होतो, ही त्यांची आवडती मांडणी. तिची जातकुळी उघडच लव्हक्राफ्टची आहे. धारपांचे वाचक प्रामुख्याने सर्क्युलेटिंग लायब्ररीचे सभासद होते. पुस्तके हातोहात फिरत, पाने सुटत, पण विद्यापीठीय समीक्षेने त्यांची दखल फारशी घेतली नाही. त्यांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट' आहे, हे सांगून त्यांना निकालात काढण्याचीही रीत पडली. परंतु रूपांतर हा आरोप असेल तर मराठी रंगभूमीचा अर्धा इतिहास आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करावा लागेल. धारपांनी परकी भुते मराठी वाड्यात वसवली, त्यांना मराठी बोलायला शिकवले. हे काम वाटते तितके सोपे नाही.

या स्थलांतराचा एक माग फार मनोरंजक आहे. 'हस्तुर' हे नाव अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९०च्या दशकात एका मेंढपाळाच्या कथेत वापरले, आणि तेथे तो चक्क दयाळू देव आहे. रॉबर्ट चेंबर्सने १८९५च्या 'द किंग इन यलो'मध्ये ते नाव उचलून त्याला गूढाची छाया दिली. लव्हक्राफ्टने ते ओझरते आपल्या 'द व्हिस्परर इन डार्कनेस' या कथेत घेतले. वर उल्लेखिलेला २०११चा चित्रपट याच कथेवरचा. पुढे स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत, मरणासन्न आजीजवळ एकट्या राहिलेल्या मुलाला तिला शांत करण्यासाठी हस्तुरचेच नाव घ्यावे लागते. 'ग्रॅमा'चे मराठी रूप म्हणजे धारपांची 'आजी'. आणि धारपांच्या कथेतून स्फुरलेल्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात साखळदंडाने बांधलेल्या आजीला झोपवण्यासाठी उच्चारले जाणारे नाव आहे हस्तर. सव्वाशे वर्षांत एका मेंढपाळाचा देव कोकणातल्या वाड्याच्या तळघरात येऊन बसला.

'तुंबाड' हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याचे हाडमांस मराठी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची गोष्ट १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली. म्हणजे त्यांच्यापर्यंत ती छापील कथा म्हणून आली नाही, रात्रीच्या गप्पांतली कथा म्हणून आली. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून घेतलेले. चित्रण २०१२ साली सुरू झाले, पटकथा पुन्हा लिहिली गेली, पुन्हा चित्रण झाले, आणि व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहानंतर ऑक्टोबर २०१८मध्ये तो प्रदर्शित झाला. त्या वेळी प्रतिसाद बेताचा होता. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक कमाई केली. पुठ्ठ्याच्या नगराइतका तो स्वस्त नाही, पण हिंदी चित्रसृष्टीच्या मानाने त्याची साधने मर्यादितच होती. आणि जुनेपणाबाबत त्याने जो निर्णय घेतला तो आपल्या चर्चेच्या दृष्टीने कळीचा आहे. नक्कल करण्याजोगा जुना भयपट आपल्याकडे नव्हता. म्हणून बर्वे यांनी जुन्या चित्रपटाची धाटणी न घेता जुन्या जगण्याचा उजेड घेतला. १९१८ ते १९४७ हा काळ, न थांबणारा पाऊस, शेवाळलेल्या भिंती, कंदिलाच्या वर्तुळापुढे सुरू होणारा काळोख. आजीची भूमिका मोहम्मद समद या बालनटाने मुखवटासदृश रंगभूषेखाली केली. नायकाचा मुलगाही तोच. बोहाड्यातला मुखवटा येथे नव्या तंत्राने परत आला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

चित्रपटाच्या मध्यभागी आहेत कणकेच्या बाहुल्या. भुकेल्या हस्तरला भुलवण्यासाठी विनायक त्या घेऊन विहिरीत उतरतो, बाहुली पुढे टाकतो आणि तो ती खात असताना त्याच्या कमरेची मोहर लांबवतो. घरात वडे-पुरणपोळ्यांसाठी भिजणारी कणीक येथे भयाचे साधन होते. हे कापडाच्या समुद्राचेच सख्खे भावंड. वस्तू ओळखीची, स्वस्त, घरातली. तिला अर्थ देतो तो खेळ. चित्रपटातील खरे भूतही शेवटी लोभ हेच ठरते. सरकारवाड्यातील संपत्ती, तिच्यावर वारसा सांगणारे पुरुष, आणि त्या संपत्तीची किंमत मुकाट्याने मोजणाऱ्या स्त्रिया, यांच्याकडे चित्रपट स्वच्छ नजरेने पाहतो. जुन्या काळाचे पूर्वग्रह कोठे ठेवायचे, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर असे आहे: ते कथेचा विषय करायचे.

तथापि येथे एक गंमत घडली, आणि ती विचार करायला लावणारी आहे. चित्रपट पाहून अनेकांनी हस्तर कोणत्या पुराणात येतो याची विचारपूस सुरू केली. तो कोणत्याही पुराणात नाही. रचलेली पुराणकथा इतकी अस्सल वाटली की ती रचलेली आहे हेच विसरले गेले. कलावंताच्या दृष्टीने ही दाद आहे. वाचक-प्रेक्षक म्हणून मात्र आपण थोडे सावध व्हायला हवे.

सावध का, हे सोनईतून पाहिले की कळते. नेवासे तालुक्यातील हे गाव मुळा सहकारी साखर कारखान्याचे, उसाच्या रानांचे. येथून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे. उघड्या चौथऱ्यावरची शिळा आणि दारांना कवाडे नसलेली घरे यांसाठी ते प्रसिद्ध. १९९०च्या दशकात कॅसेटी आणि चित्रपट यांनी त्याची कीर्ती देशभर नेली, आणि त्याबरोबर साडेसातीच्या धास्तीचाही पसारा वाढला. स्त्रियांना चौथऱ्यावर प्रवेश मिळावा यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास सत्याग्रह उभारला होता. प्रत्यक्षात तो प्रवेश मिळाला एप्रिल २०१६मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. त्याआधी, ऑगस्ट २०१३मध्ये, दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भाविकाची श्रद्धा हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या परिसरात भय ही रोजच्या व्यवहारातील गोष्ट आहे, तेथे भयाचे साहित्य आणि भयाचा व्यापार यांतील सीमारेषा हा केवळ पुस्तकी प्रश्न राहत नाही. मराठी भयकथा वाचणाऱ्याला 'तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालता' हा आक्षेप ऐकावा लागतोच.

या आक्षेपाचे उत्तर, मला वाटते, कापडाच्या समुद्रात आहे. भयाचा व्यापार करणारा आपले बनावटपण कधीही दाखवत नाही. 'हे खरे आहे, आणि न मानाल तर भोगाल' ही त्याची भाषा. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका हीच भाषा सौम्य स्वरात बोलतात. उलट, भयाची कला पहिल्याच क्षणी कबूल करते की हा खेळ आहे, ही कणीक आहे, हा मुखवटा आहे. आणि तरीही, किंवा म्हणूनच, आपल्याला हलवून जाते. सोनईच्या तालुक्याच्या गावी, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दोरीच्या जागी भासणाऱ्या सापाचा वेदान्ती दृष्टान्त तिच्यात आहे. साप खोटा असतो, अंगावर आलेला काटा खरा असतो. भयाची कला त्या काट्याचा अनुभव देते आणि दोरीही हाती ठेवते. भयाचा व्यापार दोरी लपवतो.

म्हणून कमी खर्चाच्या, जुन्या धाटणीच्या भयपटाकडे गरिबीतली तडजोड म्हणून पाहणे अपुरे आहे. साधनांची उणीव ही येथे एक प्रकारची सचोटी होते. २०२४च्या 'मुंज्या'त संगणकाने घडवलेले मराठी भूत कोट्यवधींनी पाहिले, ते रंजकही आहे. पण त्यात प्रेक्षकाने भर घालावी अशी जागा थोडी उरते. याच जिल्ह्यात शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'ने आणि श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ने (२०१५) दाखवून दिले आहे की चित्रपटाला लागणारी पहिली गोष्ट भांडवल ही नव्हे. भयकथेच्या प्रांतात असा प्रयत्न अजून व्हायचा आहे. त्यासाठी काय उपलब्ध आहे, याचा हिशेबही मांडून ठेवायला हवा. भारतीय कायद्यानुसार लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. तेव्हा धारपांच्या कथा २०६८च्या अखेरीपर्यंत आणि मतकरींच्या २०८०च्या अखेरीपर्यंत परवानगीवाचून घेता येणार नाहीत. परवानगीवाचून केलेल्या रूपांतराचे काय होते हे १९२२च्या 'नोस्फेराटू'ने दाखवले आहे. 'ड्रॅक्युला'कर्त्याच्या पत्नीने दावा जिंकला आणि न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती निसटल्या म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. लव्हक्राफ्ट, पो, स्टोकर मात्र मुक्त आहेत. आणि त्याहून मुक्त आहेत त्या आपल्या विहिरींवरच्या आसरा, पिंपळावरचा मुंजा, शिवारात वाट चुकवणारा चकवा. यांचा कोणी एक लेखक नाही.

उसाच्या रानात चकवा लागल्याची गोष्ट सोनईत कोणालाही सांगता येईल. ती पडद्यावर आणायला एक कंदील, एक पायवाट आणि दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच वाढलेला ऊस पुरेल. कठीण आहे ती दुसरीच गोष्ट: प्रेक्षकाला त्या रानात नेऊन सोडताना, आपण कोणत्या वाटेने आत आलो हे त्याला अखेरपर्यंत दिसत राहील असे पाहणे.